आत्याबाई म्हणाल्या, "चाल"

फाटकापासून डांबरी सडकेपर्यंतची वाट त्या सकाळीही ओली होती. माझा नवरा विलास बाजाराला निघण्याआधी दर वेळी ती ओली करून जायचा. विहिरीवरची मोटर सुरू करायचा, पाइप ओढत फाटकापर्यंत न्यायचा आणि मातीवर पाणी सोडायचा. सडकेवरून जाणाऱ्यांना वाटायचं, धूळ उडू नये म्हणून माणूस किती काळजी घेतो. परत आल्यावर तो गाडी बाहेरच उभी करायचा आणि आधी ती वाट बघायचा. पाऊल कोणाचं आहे, आत आलंय की बाहेर गेलंय. मग घरात यायचा.

त्या दिवशी माझी सासू पुढं होती आणि मी मागं. सासूला मी आत्याबाई म्हणते. त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या, काखेत कापडी पिशवी. अर्ध्या वाटेवर माझे पाय थांबले. वळून पाहिलं तर आमच्या दोघींची पावलं चिखलात लख्ख उमटलेली.

"आत्याबाई, पावलं दिसून राह्यली," मी म्हटलं.

त्या वळल्यासुद्धा नाहीत. "दिसू दे. चाल."

संगीताताई, तुम्ही माझी नणंद. तुम्ही मानोऱ्याहून फोन करून विचारलं होतं, "वयनी, आमची माय काहून नेली?" गावातही तेच बोलतात म्हणे, सुनेनं म्हातारीला फूस लावली. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यासाठी, किन्हीराजाच्या माझ्या माहेरच्या माणसांसाठी, आणि अशाच एखाद्या वावरातल्या घरात बसलेल्या बाईसाठी. मी तुमच्या मायला नेलं नाही, ताई. मी तर वाटेत उभी राहिले होते.

आमचं घर रिसोडपासून जवळ, पण गावाला सोडून, बागाईत वावरात. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिरव्या मिरच्या. चारी बाजूंनी रानडुकरांसाठी लावलेली विजेच्या झटक्याची तार. तिच्या आत भाजीपाला आणि आम्ही तिघं. लग्न ठरताना माझ्या बाबांनी चार ठिकाणी चौकशी केली होती. मुलगा दारू पीत नाही, बाजारात नाव चांगलं आहे, माल स्वच्छ आणतो. सगळं खरं होतं. दारू पीत नाही म्हणजे मारत नाही, असं आमच्याकडं धरूनच चालतात.

आधी माझा मोबाइल गेला. "घरात मायजवळ हाये ना एक," म्हणाला. मग मंदिरात जाणं बंद झालं, मग भाजी तोडायला येणाऱ्या बायांशी बोलणं. पुढं पुढं मी पाणी पितानाही त्याच्याकडं बघायला लागले. हात उगारायला त्याला कारण लागायचं नाही, आणि मारताना तो ओरडायचा नाही. विहिरीवरची मोटर सुरू करून मग घरात यायचा, म्हणजे सडकेवर माझा आवाज जाऊ नये. मोटरचा आवाज आला की मी हातातलं काम खाली ठेवायची. कित्येकदा ती नुसती मेथीला पाणी द्यायला सुरू झालेली असायची. आजची मोटर कशासाठी, ते आधी कळायचं नाही. त्या न कळण्यातच माझी वर्षं गेली.

आत्याबाई तेव्हा ओसरीवर सांबाराच्या जुड्या बांधत बसलेल्या असायच्या. हात थांबायचा नाही त्यांचा. सगळं झाल्यावर वाटीत हळद-तेल घेऊन यायच्या, माझ्यासमोर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मार खाल्ल्यानं बाई मरत नाई. मी मेली का?" मला विलासपेक्षा त्यांचा राग जास्त यायचा. तो तर तसाच होता. या बाई असून बसून राहायच्या.

एकदा मी माहेरी गेले होते आणि परत जायचं नाही म्हणून बसले. माय रडली, मग म्हणाली, "दोन दिवस राह्य, अन् जाय. तुह्या लहान बहिनीचं पाहाचं हाये अजून." बाबांनी चपला घातल्या. ते स्वतःच मला पोचवायला निघाले. किन्हीराजाहून आमच्या वाशीमकडचं मालेगाव, तिथून रिसोड, एसटीत ते खिडकीतून बाहेर बघत होते. मालेगावच्या स्टँडवर त्यांनी मला चिवडा घेऊन दिला, लहानपणी द्यायचे तसा. विलासनं त्यांना पाया पडून घरात घेतलं, चहा दिला, निघताना पिशवीभर वांगी दिली. माझ्या बाबांनी ती पिशवी नेली. फाटकाच्या बाहेर गेल्यावर त्यांनी एकदा खांदा बदलला, एवढंच मला दिसलं. त्या दिवशी मला कळलं की या घराला बाहेर जायला वाटच नाही. आतून तार होती आणि बाहेरून माझीच माणसं.

त्या खेपेला एक मात्र झालं. माझी शाळेतली मैत्रीण सुजाता गावात आली होती. ती नर्स, नाशिकला दवाखान्यात. आमच्या घरामागच्या बौद्धपुऱ्यातली, सातवीपर्यंत एका बाकावर बसायचो. माझ्या दंडाकडं तिनं नुसतं पाहिलं. मग आपला फोन नंबर माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला, पाढ्यासारखा. "कागदावर नको लिहू," म्हणाली. "डोक्यात ठेव. डोकं कोनी तपासत नाई."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एक कासारीण फाटकावर आली. बांगड्या घ्या म्हणून हाका मारत होती. कुत्रं भुंकून दमलं तरी जाईना, म्हणून मी फाटकापर्यंत गेले आणि नको म्हणून परत फिरले. फिरले तेव्हा दिसली माझी पावलं. जाणारी आणि येणारी. मी तिथंच बसले. आता पुसावीत तर पुसल्याचं दिसणार. आत्याबाई ओसरीवरून बघत होत्या. त्या उठल्या, अनवाणी खाली उतरल्या आणि माझ्या पावलांवर आपली पावलं टाकत फाटकापर्यंत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. सगळी वाट त्यांनी तुडवून काढली.

विलास आला, त्यानं वाट पाहिली. "फाटकावर कोन गेलतं?"

"मी," आत्याबाई म्हणाल्या.

"कायले?"

"पाय मोकळे कराले."

तो त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्यांना आत घेऊन गेला आणि दार लावलं. मी ओसरीवर मेथी निवडत होते. मी बाहेर आणि त्या आत, असं पहिल्यांदाच घडलं होतं. मला आतून काही ऐकू आलं नाही, आणि तरीही मला सगळं ऐकू येत होतं. माझे हात थांबले नाहीत, ताई. मी मेथी निवडतच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांना हात वर करता येईना म्हणून मी त्यांना आंघोळ घातली. चोळी काढली तर पाठीवर, दंडावर कालचे वळ होते, आणि त्यांच्याखाली पिवळे पडलेले जुने.

"कवापासून?" मी विचारलं.

"पयले त्याचा बाप होता. बाप मेला, मंग हा." त्या पाण्याकडं बघत होत्या. "तू लग्न होऊन आली तवा म्या देवाले हात जोडले. म्हनलं, आता माह्यावरचं तिच्यावर जाऊ दे. गेलं बी, काई दिवस. मंग तू वावरात असली का माही बारी."

मी तांब्या हातात धरून उभी राहिले. असं कोणी तोंडावर बोलतं का? राग यायला हवा होता, आला नाही. मी त्यांच्या पाठीवर पाणी ओतत राहिले, आणि त्या बाईनं माझ्यापासून आता काहीही लपवलेलं नाही, एवढंच मनात येत होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी विलासची गाडी सडकेला लागली आणि आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. भाकरी अर्धवट तव्यावर होती. पिशवी त्यांनी आधीच भरून ठेवली होती. "चाल," म्हणाल्या.

रिसोडला तो होता, म्हणून आम्ही उलट्या दिशेनं मालेगावची जीप धरली. तिथून अकोल्याची एसटी, आणि अकोल्याहून रेल्वेचा जनरल डबा. आत्याबाईंच्या फोनवरून सुजाताला लावला तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी नुसते आकडेच म्हणत होते, तिचाच नंबर तिलाच. ती म्हणाली, "ज्योती, समजलं. नाशिकरोडले उतर. मी उभी राह्यतो." मग विलासला माग लागू नये म्हणून आम्ही तो फोन बंदच ठेवला.

सुजातानं आम्हाला नाशिकमध्येच अंबडच्या बाजूला, कारखान्यांच्या वस्तीत एक पत्र्याची खोली पाहून दिली. सुटले असं मला वाटायला हवं होतं. सुजाताला तसंच वाटत होतं. पण सुटणं माझ्या अंगाला माहीतच नव्हतं. शेजारच्या पिठाच्या गिरणीची मोटर सुरू झाली की मी कोपऱ्यात जाऊन बसायची. दिवसा खिडकी उघडायची नाही. मला एका ठिकाणी काम मिळालं, भाज्या निवडून, कापून पाकिटं भरायचं. तिथल्या मॅडमना मी विचारायची, "पाणी पिऊ का?" बाथरूमला जाऊ का, बसू का, पंख्याखाली येऊ का. बाकीच्या बाया हसायच्या. एकदा दुकानदारानं साबण कोणता देऊ म्हणून विचारलं. मला सांगता येईना. त्यानं पुन्हा विचारलं आणि मी दुकानासमोर उभी राहून रडायला लागले. कोणता साबण मला आवडतो, हे मला खरंच माहीत नव्हतं.

बोलीचंही तसंच. कामावर मी सांबार म्हटलं की त्यांना इडलीबरोबरचं वाटायचं. हळूहळू मी कोथिंबीर म्हणायला शिकले, 'मले'चं 'मला' झालं. घरी आत्याबाई चिडवायच्या, "मोठी नासिकवाली झाली. मले म्हन, मले." तेवढंच काय ते आम्ही हसायचो.

मग एके दिवशी कामावर मेथीच्या जुड्यांचं पोतं उघडलं. मुळांना ओली माती होती. तो वास नाकात गेला आणि मला पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा मी टेबलाखाली होते आणि दोन्ही हातांनी फरशी पुसत होते. बाया सांगतात, मी म्हणत होते, "कोनी नाई आलतं, कोनी नाई आलतं."

सुजातानं मला सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात नेलं. मी म्हटलं, मी वेडी नाही. ती म्हणाली, "पाय मोडल्यावर पलस्तर घालाले जातो तं लंगडा म्हनून नाव पडते का?" डॉक्टर बाई होत्या, तरुण. त्यांनी गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला तिथल्या समुपदेशक बाईंकडं बसायला सांगितलं. पहिल्यांदा मी नुसती बसून आले. मग बोलायला लागले. मी विलासला 'हे' म्हणायची. 'यांनी मारलं', 'यांना राग यायचा'. बाईंनी कधी टोकलं नाही. पण एके दिवशी माझ्या तोंडून निघालं, "त्यानं मारलं." आपलंच वाक्य ऐकून मी दचकले आणि दाराकडं बघितलं. कोणी आलं नाही. तेव्हापासून 'तो' आहे.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, वजन वाढलं. एक आठवडा बरा जायचा, पुढचा नाही. बरं होणं म्हणजे एकदा चढून जायचा घाट असेल असं मी समजले होते. तसं काही नव्हतं.

आणि इकडं आत्याबाई वाळत चालल्या होत्या. माझं माहेर मला पाठवून मोकळं झालं होतं, पण त्यांचा तर पोटचा मुलगा मागं राहिला होता. मला ते दिसत होतं. मी बघत नव्हते. एका दुपारी मी कामावर असताना त्यांनी शेजारणीचा फोन मागून घेतला आणि विलासला लावला. बोलल्या काहीच नाहीत. नुसतं त्याचं 'हॅलो, हॅलो' ऐकलं आणि फोन ठेवला. त्यानं त्या नंबरवर परत फोन केला. शेजारीण भोळी. "इथं अंबडला एक आजी आहेत तुमच्याकडच्या," म्हणाली.

तो रविवारी आला. स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला. गल्लीच्या तोंडाशी त्यानं कोणालातरी नमस्कार करून पत्ता विचारला, तो आवाज मी खोलीतून ऐकला. मला उठून दार लावता आलं असतं. माझे हात मांडीवर पडून राहिले. इतके महिने दवाखाना, इतक्या गोळ्या, आणि मी पुन्हा त्याच घरात, त्याच भिंतीशी.

"माय, चाल घरी," तो दारात येऊन म्हणाला. मग आत बघून, "तू बी चाल. झालं गेलं सोड. मी काई म्हनत नाई."

बाया जमल्या होत्या. एक जण म्हणालीसुद्धा, "किती समजूतदार आहे हो."

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आयुष्यभर ज्या बाईनं लोकांसमोर पदर ढळू दिला नाही, तिनं पदर बाजूला केला आणि चोळीची बाही खांद्यापर्यंत वर सरकवली. दंडावर एक जुना वण आहे, मांस आत गेलेलं. "हे पाहा व बायांनो," त्या म्हणाल्या. "हे माह्या पोरानं केलं. हा, हा उभा हाये थो. पाहून घ्या त्याले बी."

विलासनं हात उगारला. सगळ्या गल्लीसमोर. त्याच्या लक्षात आलं की इथं मोटर नाही. हात तसाच वर राहिला. आत्याबाई हलल्या नाहीत. शेजारणीच्या नवऱ्यानं तो हात धरला आणि कोणीतरी पोलिसांना फोन केला.

पुढचं सगळं सुजातानं धावपळ करून पार पाडलं. तक्रार झाली, कोर्टात अर्ज गेला, त्यानं आमच्याकडं फिरकायचं नाही असा आदेश मिळाला. केस अजून चालू आहे. लोकांना हे ऐकून वाटतं, त्या दिवशी आम्ही जिंकलो. त्या दिवसानंतर मी आत्याबाईंशी बोलणं टाकलं. तुम्ही फोन केलाच कसा, एवढंच माझ्या डोक्यात. त्यांनी जेवण टाकलं. खोली एवढीशी, एकमेकींना ओलांडून जावं लागायचं, आणि आम्ही दोघी दोन भिंतींकडं तोंड करून बसायचो. शेवटी त्याच म्हणाल्या, भिंतीकडं बघतच, "तुहा नवरा गेला व पोरी. माहा पोरगा गेला. तुले सुटली असं तरी म्हनता येते."

मी उठले आणि भात टाकला. पुढच्या खेपेला त्यांना दवाखान्यात सोबत घेऊन गेले. डॉक्टर बाईंनी विचारलं, "आजी, तुम्हाला काय त्रास होतो?"

"मले काई नाई. पोराची आठवन येते. त्यावर गोळी हाये का?"

डॉक्टर बाईंनी लिहायचं थांबवलं. म्हणाल्या, "नाही आजी. त्यावर नाही. पण ती येते तेव्हा बोलायला कोणीतरी आहे." आता आम्ही दोघी जातो. त्या आत बसतात तेव्हा मी बाहेर बाकावर बसते. काय बोलतात ते मी विचारत नाही.

माझे बाबाही एकदा येऊन गेले. खोलीभर नजर फिरवली, जेवले, आणि निघताना दारात उभे राहून म्हणाले, "म्या तुले पोचवाले नव्हतं पाहिजे." मी "असू द्या" म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं की नको, मला अजून ठरवता आलेलं नाही. किन्हीराजाला मी जाऊ शकत नाही. विलास अधूनमधून तिथं पारावर येऊन बसतो, लोक त्याला चहा देतात. वाशीमची पाटी असलेली एसटी इथल्या स्टँडवर दिसली की माझे पाय तिच्याकडं वळतात आणि तोंड मी पदरानं झाकून घेते, दोन्ही एकदमच.

आणि मग, ताई, तुमच्या लेकीचं लग्न ठरलं. तुम्ही मायला मानोऱ्याला बोलावलंत, तुमच्या मुलाला न्यायला पाठवलंत. मी त्यांची पिशवी भरून दिली. लग्न झालं, पण तुम्ही त्यांना ठेवून घेतलंत. तुमचा हक्कच आहे तो. इथं मी आयुष्यात पहिल्यांदा एका घरात एकटी होते. विलास तिथं येणार, पाया पडणार, रडणार, हे मला माहीत होतं. आईचं मन आहे, त्या त्याच्याबरोबर जातील, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं. फोनवर त्या काही बोलायच्या नाहीत. "बरी हाये. तू जेवली का?" एवढंच. मी कामावर जायची, गोळी घ्यायची, आणि खोलीतली त्यांची रिकामी जागा अंगावर यायची. रिसोडच्या त्या घरातही मला इतकं कोंडल्यासारखं झालं नव्हतं.

गेल्या महिन्यात, सकाळी, मी कामावर जायला निघाले तर त्या दारात. एकट्या. तुम्ही गाडीत बसवून दिलंत, पण मधे गाडी बदलून, लोकांना विचारत विचारत त्या स्वतः आल्या. ज्या बाईला सडकेपर्यंत जायची परवानगी नव्हती.

"बस लय हालली," म्हणाल्या. "चहा मांड."

मी चहा मांडला. मग विचारलं, "तो भेटला?"

"भेटला. लय रडला. चाल म्हने घरी."

"मग?"

"मंग मी बी रडली. रडून झालं, अन् बसमंधी बसली." त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "संगीता इचारे, नासिकले काय हाये व तुह्यं? ना वावर, ना घर. पत्र्याची खोली. म्या म्हनलं, मले झोप लागते तिथं."

चहा संपवून त्या तिथंच भिंतीला टेकल्या आणि खरंच झोपल्या, तोंड उघडं, दिवसाढवळ्या. बाहेर गल्लीत पोरं खेळत होती, गिरणी सुरू होती. मी कामावर उशिरा गेले. मॅडमना सांगितलं, घरी होते.